सही करण्याआधी विचारायला शिका

(मनमाड येथे झालेल्या महासंघाच्या सर्वसाधारण सभेत आपल्याच एका गटाच्या ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या गटांना सभेला येता आलं नाही त्यांच्या आग्रहावरून ते इथे छापत आहोत. शेवटी दिलेले प्रश्न कापून गटाच्या रजिस्टरला चिकटवून ठेवावेत, ही विनंती.)



मला भाषणाची सवय नाही. गटाच्या बैठकीत हिशोब वाचून दाखवायचा, एवढंच माझं बोलणं. पण मागच्या महिन्यात अध्यक्षताई म्हणाल्या, "तुम्ही त्या दवाखान्याच्या समितीवर जाता, तिथं काय चालतं ते बायकांना सांगा. आपल्याकडं सारखे कोणी ना कोणी फॉर्म घेऊन येतात." म्हणून उभी राहिले. चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.

आधी माझी एक चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला हक्क नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा गटाची अध्यक्ष होते. एक दिवस गावात जीप आली. चार-पाच जण होते, गळ्यात ओळखपत्रं. म्हणाले, "ताई, महिलांमधल्या अशक्तपणावर आमचं काम चालू आहे. रक्त तपासायचंय. तुमच्या शब्दाबाहेर बायका नाहीत असं ऐकलं. तुम्ही सांगा, त्या येतील." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी निरोप धाडला. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात चौदा जणी जमल्या. फॉर्म इंग्रजीत होता. मी पहिली सही केली. माझं बघून बाकीच्यांनी केली, दोघींनी अंगठे दिले. सगळ्यांचं रक्त घेतलं. प्रत्येकीला एकेक स्टीलचा डबा दिला. "रिपोर्ट आठ दिवसांत येतील" म्हणाले आणि गेले.

रिपोर्ट काही आले नाहीत. फॉर्मची प्रत आमच्याकडं नव्हती. फोन नंबर नव्हता. कुठून आले होते, कोणाच्या वतीनं आले होते, एकीलाही सांगता येईना.

आमच्या गटातल्या एका वहिनींना त्याच दिवसांत चक्कर यायची, दम लागायचा. मी म्हणायची, दवाखान्यात जाऊन या. त्या म्हणायच्या, "अहो ताई, आत्ताच तर रक्त तपासलंय. काही असतं तर त्यांनी कळवलं नसतं का?" चार महिन्यांनी कांदा काढणीच्या वेळी वहिनी वावरातच पडल्या. दवाखान्यात नेलं तर हिमोग्लोबिन पाच. रक्ताच्या पिशव्या लावाव्या लागल्या. खर्चासाठी गटातून कर्ज काढलं. वाचल्या, देवाची कृपा. पण घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "ताई, माझं रक्त नेलं होतं ना त्यांनी? त्याचं काय झालं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्या माणसांना मी दोष देत बसत नाही. कदाचित त्यांनी कुठं कागदावर लिहिलंही असेल की रिपोर्ट देणार नाही म्हणून. पण तो कागद आम्ही वाचलाच नाही. आणि बायकांनी सही केली ती त्यांच्यावर विश्वास ठेवून नाही, माझ्यावर ठेवून केली. हे मला आजही टोचतं. म्हणून आजचं बोलणं मुख्यतः अध्यक्ष-सचिवांसाठी आहे.

आधी ओळखा, हे काय चाललंय

आपल्याकडं येणारे सगळे लोक सारखे नसतात. कोणी उपचार करायला येतं. कोणी सरकारी योजनेची माहिती भरायला येतं. आणि कोणी संशोधन करायला येतं. बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं, कारण तिन्हीकडं फॉर्म असतो, पेन असतो आणि एखादी ओळखीची आशाताई सोबत असते.

फरक साधा आहे. उपचार तुमच्या भल्यासाठी असतो. संशोधन हे एखाद्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी असतं. त्या उत्तराचा उपयोग पुढं सगळ्यांना होतो, पण तुम्हाला स्वतःला होईलच असं नाही. कधी होतो, कधी होत नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच: "दादा, हा माझा उपचार आहे का संशोधन?"

आता कोणी म्हणेल, मग संशोधनाला नाहीच म्हणून टाकू. तसंही नको. आपल्या घरातली एक गोष्ट सांगते. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाताई बाळ बघायला सहा वेळा येते. वजन करते, बाळ दूध ओढतं का बघते, अंग गार पडलंय का बघते. हे कुठून आलं? गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या 39 गावांमध्ये गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि शेजारच्या 47 गावांशी तुलना करून बघितली. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. 1999 साली ते जगापुढं मांडलं गेलं आणि 2011 पासून देशभरातल्या आशाताई त्या धर्तीवर काम करू लागल्या. म्हणजे आपल्या नातवंडांच्या अंगावर संशोधनाचं पांघरूण आहे बरं का.

त्याच बंग दांपत्यानं त्याआधी गडचिरोलीच्या दोन गावांत 650 बायकांची तपासणी केली होती. शंभरातल्या 92 जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला आणि शंभरातल्या फक्त आठ जणींची आधी कधी तशी तपासणी झाली होती. 1989 साली हे छापून आलं, तेव्हा जगाला कळलं की खेड्यातली बाई बाळंतपणाशिवायही आजारी असते आणि गप्प बसते. कोणीतरी विचारलं, बायकांनी सांगितलं, म्हणून कळलं.

तेव्हा संशोधन वाईट नाही. न विचारता, न सांगता, फसवून केलेलं संशोधन वाईट.

धाराशिवच्या बायका

आता आपल्या महाराष्ट्रातलीच एक मोठी गोष्ट सांगते. ती ऐकल्यावर मला दोन दिवस झोप नव्हती. ती पूर्ण ऐका, अर्धी ऐकून मत बनवू नका.

उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव. 1999 च्या शेवटाला तिथं एक संशोधन सुरू झालं. मुंबईचं टाटा स्मारक केंद्र, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांनी मिळून केलेलं. प्रश्न असा होता: गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग वेळेत शोधायचा तर खेड्यात कोणती तपासणी चांगली?

गावांचे 52 गट केले. 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार 746 बायका. आपण भिशीत चिठ्ठ्या टाकतो ना, तशाच पद्धतीनं गावांचे चार भाग पाडले. एका भागात एचपीव्ही या विषाणूची तपासणी. दुसऱ्या भागात पेशींची काचपट्टीवर तपासणी. तिसऱ्या भागात व्हिनेगरसारखं द्रावण लावून डोळ्यांनी बघायची तपासणी. आणि चौथ्या भागात तपासणी करायची नाही. जसं चाललंय तसं चालू द्यायचं. तपासणी हवी असेल तर दवाखान्यात कुठं जायचं, एवढं सांगायचं.

आठ वर्षांनी मोजलं. विषाणूची तपासणी केलेल्या सुमारे 34 हजार बायकांपैकी 34 जणी या कर्करोगानं गेल्या. तपासणी न झालेल्या सुमारे साडेएकतीस हजारांपैकी 64 जणी गेल्या. म्हणजे एकदा, आयुष्यात फक्त एकदा ती तपासणी झाली तरी मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे सिद्ध झालं. 2009 साली हे प्रसिद्ध झालं. जगभर ते वाचलं गेलं. आज जागतिक आरोग्य संघटना विषाणूच्या तपासणीला पहिली पसंती देते, त्यामागं उस्मानाबादच्या बायकांचा हात आहे. आपण त्यांचे ऋणी आहोत.

पण मग प्रश्न येतोच. त्या चौथ्या भागातल्या 64 जणी?

डॉक्टरांमध्येही यावर मोठा वाद झाला. एक बाजू म्हणते, कर्करोग लवकर शोधला तर जीव वाचतो हे जगाला आधीच माहीत होतं, मग काही हजार बायकांना तपासणीशिवाय ठेवून मृत्यू मोजायचे, हे बरोबर नाही. दुसरी बाजू म्हणते, त्या काळी खेड्यात कोणालाच तपासणी मिळत नव्हती. संशोधकांनी कोणाचं काही काढून घेतलं नाही. आणि आकडा दाखवल्याशिवाय सरकार खर्च करत नाही.

मी डॉक्टर नाही. मी दोन्ही बाजू ऐकल्या आणि मला एवढंच वाटलं: चिठ्ठीत मी कोणत्या भागात गेले आणि त्याचा अर्थ काय, हे माझ्या भाषेत मला नीट कळलं पाहिजे. "तुमची तपासणी होणार नाही, पण असा आजार असतो, तो लवकर सापडतो, आणि तो शोधायचा तर अमुक ठिकाणी जा," हे बाईला समजेपर्यंत सांगणं आणि एक वाक्य बोलून पुढं जाणं, यात एका जिवाचा फरक असू शकतो.

जाता जाता एक काम सांगते. 2016 पासून सरकारचं धोरण आहे की 30 वर्षांपुढच्या बायकांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करायची. आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. ज्या ज्ञानासाठी धाराशिवच्या बायकांनी एवढं दिलं, त्याचा फायदा आपण घेतला नाही तर काय उपयोग?

दुसऱ्याची सही चालत नाही

दुसरी गोष्ट शेजारच्या राज्यांतली. 2009 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात 10 ते 14 वर्षांच्या हजारो मुलींना याच कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प झाला. एक अमेरिकन संस्था, आपली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राज्य सरकारं त्यात होती. मधल्या काळात सात मुलींचे मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या आणि एप्रिल 2010 मध्ये प्रकल्प थांबवला गेला.

नीट ऐका. ते मृत्यू लशीमुळं झाले असं चौकशीत आढळलं नाही. ती लस जगभर दिली जाते, चांगली आहे. कोणी माझं नाव सांगून लशीला नाही म्हणू नका. पण चौकशीत दुसरी गोष्ट निघाली. आश्रमशाळांत राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या फॉर्मवर आई-बापांऐवजी वॉर्डननं, मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. 2013 मध्ये संसदेच्या समितीनं यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले.

ते वाचताना मला सभामंडप आठवला. वॉर्डननं मुलींसाठी सही केली. मी सही करून बायकांना वाट दाखवली. फार फरक आहे का?

आपल्या देशाचे नियम याबाबत स्पष्ट आहेत. सरपंचांची परवानगी, गटाच्या अध्यक्षांची परवानगी, शाळेची परवानगी ही फक्त गावात यायची परवानगी आहे. ती बाईच्या स्वतःच्या होकाराची जागा घेऊ शकत नाही. शहाण्यासुरत्या बाईच्या वतीनं नवऱ्यानं सही केली, तेही चालत नाही. लहान मुलांसाठी आई-बापांची संमती लागते, आणि सात वर्षांपुढच्या मुलाला स्वतःलाही विचारावं लागतं. बारा वर्षांपुढं तर त्याचा होकार लिहून घ्यावा लागतो.

नियम कुठून आले

हे नियम कोणाच्या दयेनं आलेले नाहीत. माणसं भोगली, म्हणून आले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या छळछावण्यांत कैद्यांवर प्रयोग झाले. त्या डॉक्टरांवर खटला चालला आणि 1947 साली न्यायालयानं सांगितलं की माणसाच्या मर्जीशिवाय त्याच्यावर प्रयोग करता येणार नाही. तरी अमेरिकेत टस्कीगी गावाच्या भागात 1932 पासून 1972 पर्यंत, चाळीस वर्षं, गरमीचा आजार असलेल्या सुमारे 400 गरीब काळ्या शेतमजुरांना उपचार न देता फक्त बघत राहिले. त्यांना सांगितलं होतं, तुमच्या "खराब रक्तावर" इलाज करतोय. पेनिसिलिन आलं, तेही दिलं नाही. तेसुद्धा शेतमजूरच होते, आपल्यासारखे. त्यांनाही फुकट जेवण आणि गाडीतून ने-आण मिळायची. मला माझा स्टीलचा डबा आठवला.

आपल्याकडं आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं 1980 मध्ये पहिली तत्त्वं सांगितली, 2000 आणि 2006 मध्ये ती वाढवली. आत्ता चालू आहेत ती 2017 ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी 2019 चे नियम आहेत, ते कायद्यानं बंधनकारक आहेत. औषधाची चाचणी सुरू करण्याआधी तिची सरकारी नोंदणी करावी लागते. 2009 पासून ती सक्तीची आहे. ती नोंद कोणालाही इंटरनेटवर बघता येते.

समितीत मी काय करते

प्रत्येक संशोधनाला आधी नैतिकता समितीची मंजुरी लागते. त्या समितीत डॉक्टर असतात, वकील असतात, समाजशास्त्राचे जाणकार असतात. अध्यक्ष त्या संस्थेच्या बाहेरचा असावा लागतो. आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो, डॉक्टरकी न शिकलेला. ती मी. बारावी पास.

पहिल्या बैठकीला मी घाबरून गप्प बसले. मग वकीलबाईंनी मला सांगितलं, "ताई, नव्या औषधाच्या चाचणीचा विषय असेल आणि सामान्य सदस्य हजर नसेल, तर बैठकच होऊ शकत नाही. तुम्ही शोभेला नाही आलात." त्या दिवसापासून मी बोलायला लागले.

तिथल्या गोष्टी बाहेर सांगायच्या नाहीत असं लिहून दिलेलं आहे, म्हणून नावगाव सांगणार नाही. पण कामाची पद्धत सांगते. एकदा माहितीपत्रकात लिहिलं होतं, "सहभागींचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल." मी विचारलं, हे काय? डॉक्टर म्हणाले, कोणाला कोणतं औषध ते नशिबानं ठरणार. मी म्हटलं, मग तसं लिहा ना, "चिठ्ठी टाकून ठरवू." वाक्य बदललं. एकदा लिहिलं होतं, "नमुने भविष्यातील संशोधनासाठी जतन केले जातील." मी म्हटलं, कशासाठी, किती वर्षं, आणि बाई नको म्हणाली तर? तिथं वेगळा होकार विचारायचा चौकोन टाकला. एकदा बायकांना सहा वेळा दवाखान्यात बोलावलं होतं आणि गाडीभाडं लिहिलेलंच नव्हतं. मी म्हटलं, निंदणीच्या दिवसांत बाई सहा रोज बुडवेल, ते कोण भरणार? गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी देता येते, असं नियमातच आहे. फक्त इतके पैसे द्यायचे नाहीत की पैशाच्या मोहानं बाई धोका पत्करील.

आणि दर वेळी मी एक प्रश्न विचारते. "तपासणीत काही वाईट निघालं तर बाईला कोण सांगणार, आणि किती दिवसांत?" समितीतल्या सगळ्यांना आता माझा हा प्रश्न पाठ झालाय. तो का विचारते, ते त्यांना माहीत नाही. तुम्हाला आज सांगितलं.

तुमचे हक्क

आता थोडक्यात, नियमांनी आपल्याला काय दिलंय ते ऐका.

माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळालं पाहिजे. आपल्याकडं मराठीत. अहिराणी बोलणाऱ्या मावशीला अहिराणीत समजावून सांगितलं पाहिजे. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायचं, आणि अंगठा घेताना एक साक्षीदार हवा. तो संशोधन करणाऱ्यांचा माणूस नसावा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर असावा. अगदी नव्या औषधाची चाचणी असेल आणि भाग घेणारी माणसं गरीब, निरक्षर, दुबळ्या गटातली असतील, तर समजावण्याचं आणि होकाराचं व्हिडिओ चित्रण करावं लागतं.

सही केलेल्या कागदाची प्रत तुमची. ती मागायची लाज वाटू देऊ नका. बँकेच्या पासबुकासारखी ती घरात ठेवायची.

विचार करायला, घरच्यांना विचारायला वेळ मागता येतो. नाही म्हणता येतं. नाही म्हटलं म्हणून दवाखान्यातला नेहमीचा उपचार कोणी बंद करू शकत नाही. आणि हो म्हणून भाग घेतल्यावरही, मधेच, कारण न सांगता बाहेर पडता येतं. आपलं मनमाड जंक्शनचं गाव. गाडी मुंबईकडं चाललीय का भुसावळकडं, दौंडकडं का नांदेडकडं, हे विचारल्याशिवाय आपण डब्यात पाय ठेवत नाही. आणि चुकीच्या गाडीत बसलोच तर पुढच्या स्टेशनला उतरतो. कागदाच्या बाबतीत एवढं तरी करूया.

औषधाच्या चाचणीमुळं इजा झाली तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाई. तुमचं नाव, आजार, घरातली माहिती गुप्त. गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर "मावशी, तुमची पाळी कधी गेली?" असं विचारणं चुकीचं आहे, अगदी ते विद्यार्थी असले तरी. आपल्या नाशिकलाच आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, शिकणारी मुलं-मुली प्रबंधासाठी गावात येतात. आपलीच लेकरं आहेत, त्यांना मदत करा. पण समितीची मंजुरी दाखवा म्हणायला घाबरू नका. चांगल्या विद्यार्थ्याला याचा राग येत नाही.

गटांनी काय करायचं

माझ्या तीन विनंत्या आहेत.

एक. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं ठराव लिहावा की गटात कोणीही सर्व्हे, तपासणी किंवा संशोधनासाठी आलं तर आधी कागद बघायचा, एका बैठकीत माहिती ऐकायची आणि होकार नंतर, ज्यानं त्यानं एकट्यानं द्यायचा. त्याच दिवशी सह्या नाहीत.

दोन. अध्यक्ष-सचिवांनी सगळ्यांसमोर पहिली सही करायची नाही. "मी केली, तुम्हीही करा" हे वाक्य कर्जाच्या फॉर्मलाही बोलू नका आणि रक्ताच्या फॉर्मला तर मुळीच नाही. आपण म्हणायचं, "मी ऐकलं, तुम्हीही ऐका, मग तुमचं तुम्ही ठरवा."

तीन. गटात एक वही ठेवा. कोण आलं, कुठून आलं, फोन नंबर काय, काय घेऊन गेलं, काय देतो म्हणाले आणि कधी. आपण दहा रुपयांचा दंड लिहून ठेवतो, मग चौदा जणींचं रक्त का लिहून ठेवलं नाही? ही माझी चूक तुम्ही करू नका.

आशाताई, तुम्हालाही सांगते. तुम्हाला वरून आदेश येतात, तुमची ओढाताण होते, मला माहीत आहे. पण बायका तुमचा चेहरा बघून हात पुढं करतात. तुम्हालाच माहिती नसेल तर तुम्हीही विचारा.

शेवटी आमच्या वहिनींचं सांगते. त्या आता बऱ्या आहेत, दोन शेळ्यांच्या आता नऊ झाल्यात. दोन वर्षांपूर्वी गावात पुन्हा एक टीम आली. मधुमेहाचं काम होतं. मी काही बोलायच्या आत वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, "रिपोर्ट कोण देणार आणि कधी? नाव लिहून द्या." त्या मुलीनं नाव लिहून दिलं, फोन नंबर दिला, मराठीतला कागद दिला. अकराव्या दिवशी सगळ्यांचे रिपोर्ट आले. तिघींना साखर निघाली, त्यांची औषधं चालू झाली. त्या वेळी आम्ही आनंदानं भाग घेतला, आणि दहा जणींनी हो म्हटलं, चौघींनी नाही म्हटलं. कोणी कोणाला काही बोललं नाही.

एवढंच सांगायचं होतं. जय सावित्री!

रजिस्टरला चिकटवायचे दहा प्रश्न

1. हा माझा उपचार आहे, सरकारी काम आहे, की संशोधन?
2. तुम्ही कोणत्या संस्थेकडून आलात? पैसे कोण देतं?
3. नैतिकता समितीची मंजुरी आहे का? पत्र दाखवा. औषधाची चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक सांगा.
4. माझ्याकडून काय घेणार? रक्त, माहिती, फोटो, वेळ? किती वेळा?
5. मला त्रास काय होऊ शकतो? फायदा काय?
6. चिठ्ठी टाकून गट पाडणार का? मला काही मिळणार नाही असा गट आहे का?
7. रिपोर्ट कोण देणार, किती दिवसांत? काही वाईट निघालं तर पुढं काय?
8. इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? गाडीभाडं, बुडालेली मजुरी मिळेल का?
9. माझं नाव आणि नमुना कुठं, किती दिवस राहणार? (मोबाइलवरचा ओटीपी कोणालाही द्यायचा नाही.)
10. नाही म्हटलं किंवा मधेच सोडलं तर काय? कागदाची मराठी प्रत आणि समितीचा फोन नंबर द्या.